कियोचिकाची आग: बदलत्या शहराचं चित्र, की विकाऊ तमाशा?

निळीशाई: मेइजी काळातली (१८६८ ते १९१२) जपानी छापचित्रं म्हटली की लोक आगगाडी नाहीतर टोकियोतल्या गिन्झा भागाच्या विटांच्या इमारती दाखवतात. मला विचाराल तर त्या काळाचं टोकियो चित्रकार कोबायाशी कियोचिकाने आगीत पकडलंय. २६ जानेवारी १८८१ ला टोकियोच्या कांदा नावाच्या भागात लागलेली आग वाऱ्याने र्योगोकूकडे गेली, दहा हजारांवर घरं जळाली. हा पठ्ठ्या वही घेऊन आगीमागे फिरत होता आणि तिकडे त्याचंच घर जळालं, असं सांगतात. हिसामात्सुचो या वस्तीतून दिसलेल्या आगीचं त्याचं चित्र बघा. ज्वाळांपुढे माणसं नुसती काळी, एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. पाच वर्षं गॅसच्या दिव्यांचा उजेड रंगवून तयार झालेला हात आहे तो.

खवचटराव: चित्र झकास, मुद्दा लंगडा. लाकूड-कागदाचं एदो, म्हणजे जुनं टोकियो, शतकानुशतकं जळतच होतं. १६५७ च्या आगीत तर अर्ध्याहून जास्त शहर गेलं. आग आणि मारामारी ही एदोची फुलं, असं तिथलेच लोक म्हणायचे. यात आधुनिक काय? आणि प्रकाशक काय धर्मादाय काढून बसला होता? बातमी गरम असताना छापायची आणि विकायची.

निळीशाई: विकलं म्हणून खोटं ठरतं का? १८५५ च्या एदोतल्या भूकंपानंतरची, भूकंप घडवतो असं मानलेल्या मागुर माशाची चित्रंही धंदाच होती, सेन्सॉरचा शिक्का चुकवून छापलेली. पण घरं पडल्यावर सुतार-गवंड्यांची चांदी झाली, हे त्यांनीच उघड दाखवलं.

रूळावरची: दोघांनीही १८९१ सोडलं! २८ ऑक्टोबरचा, मध्य जपानातला नोबी भूकंप. नागारा नदीवरचा रेल्वेपूल कोसळला, विटांच्या गिरण्या पडल्या, सात हजारांवर माणसं गेली. 'नव्या' शहराची आपत्ती हवी तर ती चित्रं घ्या. ज्या विटा १८७२ च्या आगीनंतर गिन्झात सुरक्षित म्हणून आणल्या, त्याच इथे माणसांच्या अंगावर आल्या.

खवचटराव: हे पटलं. पण मग कियोचिका मधे कशाला? नोबीच्या चित्रांत पूल, गिरणी, मोडलेले रूळ सगळं समोर आहे. त्याच्या आगीतून आग काढली तर उरतं जुनंच एदो.

निळीशाई: उरतं ते जुनं एदो जातानाचं. हा माणूस शोगुनच्या, म्हणजे मेइजीआधीच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, चाकरीतला, तोबा-फुशिमीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढलेला. १८७६ पासून टोकियोची नव्वदच्या वर दृश्यं काढली आणि आगीच्या वर्षीच मालिका थांबवली. पुढे व्यंगचित्रांकडे वळला.

खवचटराव: थांबवली म्हणजे आगीमुळेच थांबवली? व्यंगचित्रांचे पैसे बरे मिळत असतील, हे का नाही? शिवाय त्याचा शिष्य इनोउए यासुजी पुढेही टोकियोची दृश्यं काढत होताच. गुरूचं दुःख शिष्याला कळलं नव्हतं वाटतं!

रूळावरची: यासुजीची शहरं गुरूपेक्षा बरीच शांत आहेत, एवढं मात्र खरं. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.