मिक्सर घेताना तुम्ही काय पारखता?

सुमेधा, पुणे
घरातला मिक्सर बदलायचाय. दुकानात पहिली गोष्ट सांगतात ती वॅटची: ५००, ७५०, १०००. आमचं रोजचं काम दाण्याचं कूट आणि चटण्या, अधूनमधून इडलीचं पीठ. तुम्ही निवड कशी केलीत, ते सविस्तर लिहा ना.

कुडाळची सूनबाई
आमच्याकडे वाटपाशिवाय दिवस जात नाही. भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, सगळं गंधासारखं बारीक लागतं. म्हणून मी आधी छोटं भांडं उघडायला लावते. पातं आणि तळ यांत फट जास्त असेल तर मूठभर वाटण खाली चिकटून बसतं, पातं वर नुसतंच फिरतं. मग पाणी घालत बसा, आणि वाटप पातळ झालं की कालवणाची चवच जाते. झाकणाचं रबर काढून धुता येतं का, तेही बघा. भांड्याखालचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारी चकती, कधी ना कधी झिजणारच, तो आपल्या बाजारात सुटा मिळतो का हे पैसे देण्याआधी विचारा. माझ्या मते वॅटपेक्षा हे महत्त्वाचं.

सोलापूरकर
सूनबाईंशी सहमत. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते. किती बारीक वाटेल ते पातं आणि भांड्याचा आकार ठरवतात. तरी भिजवलेले डाळ-तांदूळ भरपूर वाटायचे असतील तर ७५० बरा, मोटर दमत नाही. शेंगदाण्याच्या चटणीला मात्र वेग कमीच हवा, नाहीतर दाणे तापून तेल सुटतं आणि गोळा होतो. बटण डावीकडे धरून थांबत थांबत फिरवता येतं का, ते दुकानातच बघा. बुडाशी ओव्हरलोडचं लाल बटण हवं, म्हणजे जास्त भार आला की मोटर आपोआप बंद पडते. सलग किती मिनिटं चालवायचा तेही लेबलवर वाचा.

मीनल, न्यू जर्सी
इथे वीज १२० व्होल्टची, भारतातला मिक्सर २३० चा. तो इथे चालवायला लागणारा ट्रान्सफॉर्मर जड असतो आणि ओट्यावर जागा खातो. मी इथल्या भारतीय दुकानातून इथल्या विजेवर चालणारं ११० व्होल्टचंच मॉडेल घेतलं. भारतातून कोणी आणत असेल तर आधी मिक्सरखालची व्होल्टची पट्टी वाचा.

अनघा, ठाणे
आवाज! दुकानात चालू करून ऐका, भांडं रिकामं ठेवून नाही, थोडं पाणी घालून.

सोलापूरकर
@सुमेधा, वॉरंटीचं राहिलंच. काही कंपन्या मोटरला ५ वर्षं देतात, अख्ख्या मिक्सरला २च. खोक्यावरचा मोठा आकडा मोटरचा असतो. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच घ्या.