मदत हवी आहे: कानोसा येथे नेमके कोण हरले?

सप्रेम नमस्कार.

मध्ययुगीन युरोपातील राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्या संघर्षावर एक टिपण लिहीत असताना एका प्रश्नापाशी अडलो आहे. बिशपांची नेमणूक कोणी करायची या वादातून पोप सातवा ग्रेगरी याने १०७६ मध्ये जर्मन राजा चौथा हेन्री याला बहिष्कृत केले आणि प्रजेला त्याच्या निष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. जानेवारी १०७७ मध्ये हेन्री भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून उत्तर इटलीतील कानोसाच्या गढीपाशी, जिथे पोप उतरला होता, आला आणि क्षमेसाठी तीन दिवस दाराबाहेर तिष्ठत राहिला. (गढीची मालकीण, टस्कनीची माटिल्डा, हिची मध्यस्थी सहसा विसरली जाते.) या प्रसंगाकडे राजाची नामुष्की म्हणून पाहिले जाते, मला मात्र तो डाव वाटतो, कारण क्षमा मिळताच बंडखोर सरदारांच्या हातचे निमित्त गेले आणि १०८४ मध्ये याच हेन्रीने रोम जिंकून घेतले. तरीही क्षमेनंतर दोनच महिन्यांत सरदारांनी स्वाबियाचा ड्यूक रुडॉल्फ याला प्रतिराजा (हेन्रीविरुद्धचा दुसरा राजा) म्हणून निवडलेच, आणि इथे माझी मांडणी लंगडी पडते. बहिष्काराचे बळ लोकांच्या श्रद्धेत होते, की १०७३ पासून धुमसणाऱ्या, उत्तर जर्मनीतील सॅक्सन लोकांच्या हेन्रीविरोधी असंतोषात? जाणकारांनी कृपया सविस्तर मत मांडावे.