फायरफॉक्समध्ये क्रम बरोबर लागतो, क्रोममध्ये यादी जागची हलत नाही

अर्धविराम:
दोन दिवस याच्यामागे आहे. जावास्क्रिप्टमध्ये चाळीसेक नोंदींची यादी आकड्यांप्रमाणे चढत्या क्रमाने लावायची आहे. फायरफॉक्समध्ये अचूक लागते. क्रोममध्ये जशी दिली तशीच परत येते आणि कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या संदेशांच्या खिडकीत) एकही एरर नाही. सॉर्टला (क्रम लावणाऱ्या आज्ञेला) दोन आकड्यांची तुलना करायला दिलेलं फंक्शन एका ओळीचं आहे: 'ए' हा 'बी'पेक्षा मोठा आहे का, एवढंच ते सांगतं, ट्रू किंवा फॉल्स.

कोड व्हीएस कोड या एडिटरमध्ये लिहिते. तिथूनच दोन्ही ब्राउझरमध्ये कोड थांबवून बघता येईल का? क्रोमसाठी प्रयत्न केला, पण ब्रेकपॉइंटचा (कोड जिथे थांबवायचा त्या ओळीवरच्या खुणेचा) लाल ठिपका राखाडी पोकळ गोल होतो आणि कोड थांबतच नाही.

कंसपूर्ण:
राखाडी गोल म्हणजे तुमच्या फाइलची ब्राउझरने उघडलेल्या फाइलशी जोडी लागलेली नाही. लाँच.जेसनमध्ये (व्हीएस कोडच्या डिबगिंगच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) 'वेबरूट' बघा. सर्व्हर ज्या फोल्डरमधून फाइली देतो, नेमका तोच तिथे हवा. बहुतेकांचं इथेच अडतं. बंडलर (अनेक फाइली एकत्र बांधणारं साधन) वापरत असाल तर सोर्स मॅपही (बांधलेल्या कोडची मूळ फाइलींशी जोडी लावणारी फाइल) चालू ठेवा.

क्रोम आणि एजचा डिबगर (कोड थांबवून तपासायचं साधन) व्हीएस कोडमध्ये आधीपासूनच असतो. फायरफॉक्ससाठी 'डिबगर फॉर फायरफॉक्स' हे एक्सटेन्शन घ्यावं लागतं. दोन्हींची कॉन्फिगरेशन लिहून झाली की त्याच लाँच.जेसनमधल्या 'कंपाउंड्स'मध्ये दोघांची नावं टाका, एका बटणावर दोन्ही ब्राउझर उघडतील. ते वेगळ्या प्रोफाइलने उघडतात, त्यामुळे पानावर लॉगिन पुन्हा मागितलं तर गोंधळू नका.

यादी मात्र आधी दोनच आकड्यांची करा. चाळीस नोंदींवर एकेक ओळ स्टेप करत बसलात तर काही हाती लागणार नाही.

अर्धविराम:
वेबरूट एक पायरी वरच्या फोल्डरचा होता! आता ठिपका लाल राहतो. यादीत फक्त ४० आणि १२ ठेवले. फायरफॉक्स थांबला तेव्हा ए ४०, बी १२. क्रोम त्याच ओळीवर थांबला, पण तिथे ए १२ आणि बी ४०! हे उलटं कसं?

जुनी_ओळ:
दोघंही नियमात आहेत. फंक्शनला कुठला आकडा आधी द्यायचा, हे जावास्क्रिप्टच्या मानकाने ब्राउझरवर सोडलंय. तुमच्या फंक्शनकडून ऋण, शून्य किंवा धन आकडा अपेक्षित आहे. ट्रू म्हणजे १, फॉल्स म्हणजे ०. ऋण कधी येतच नाही. फायरफॉक्सने '४० मोठा का?' विचारलं, १ मिळाला, अदलाबदल केली. क्रोमने '१२ मोठा का?' विचारलं, ० मिळालं, म्हणजे दोन्ही सारखे, म्हणून हात लावला नाही. क्रोम ७० मध्ये सॉर्टची पद्धत बदलली, त्याआधी छोट्या याद्यांवर असा कोड चालून जायचा. जुन्या प्रोजेक्टमध्ये ही ओळ अजून सापडते, आणि प्रत्येक वेळी कुणाचे तरी दोन दिवस खाते. ए वजा बी परत करा.

अर्धविराम:
वजाबाकी केली, दोन्हीकडे बरोबर. चाळीस नोंदींवरही चालवून बघितलं. मनापासून आभार! नुसत्या कन्सोल.लॉगमध्ये मी फक्त उत्तर छापत होते, आत येणारे आकडे कधी बघितलेच नव्हते. आयफोनच्या सफारीसाठी असंच जमतं का?

कंसपूर्ण:
या दोघांइतकं सोपं नाही. मॅकला फोन जोडून सफारीचा वेब इन्स्पेक्टर उघडा, ब्रेकपॉइंट तिथेच लावा.