घरचे आजोबा, भिंतीवरचा फोटो आणि विकिपीडियावरून उडालेला लेख

तिरपागडा (धागाकर्ता)

परवा इथे 'पाटीपुसणा' यांनी तळतळून एक लेख टाकला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: त्यांचे आजोबा पंचक्रोशीतले नामवंत कीर्तनकार. त्यांच्या अमृतमहोत्सवाला निघालेल्या गौरवग्रंथातलं चरित्र यांनी जसंच्या तसं मराठी विकिपीडियावर चढवलं, सोबत आजोबांचा फेटेवाला स्टुडिओतला फोटो. दोन दिवसांत लेख उडाला, आठवड्यात फोटो. त्यावर यांचा सवाल: 'ग्रंथ आमच्या कपाटातला, फोटो आमच्या भिंतीवरचा, आजोबा आमचे. मग कॉपीराइट कसला काढता? ही प्रचालकांची (विकिपीडियावर लेख उडवायचे अधिकार असलेल्यांची) मुजोरी.' आणि खाली सहमत, सहमतची रांग. मी प्रतिसाद लिहायला बसलो, तो मारुतीच्या शेपटासारखा वाढला, म्हणून वेगळा धागा.

अहो, माझ्या कपाटात पुलंची झाडून सगळी पुस्तकं आहेत, म्हणून मी पुलंचा वारस होतो का? ग्रंथातलं चरित्र लिहिलं गावच्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी, हे तुम्हीच सांगितलंत. मग हक्क त्यांचा. ते गेल्यावर त्यांच्या वारसांचा, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षं. पूर्वी ५० होती, रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली तेव्हा वाढवली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन आपल्याकडे २०११ पासून खुलं. अत्र्यांसाठी २०३० उजाडायला हवं. कुसुमाग्रजांसाठी २०६०, तेव्हा या धाग्यावरचे किती जण असतील कोण जाणे.

विकिपीडियावर 'प्रकाशित करा' दाबलंत की तुम्ही लिहून देता की हा मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, हवं तर विकावा, फक्त श्रेय द्यावं आणि पुढे तसाच खुला ठेवावा. मुख्याध्यापकांना न विचारता त्यांचं लेखन असं वाटून टाकणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

आणि लेखातलं ते वाक्य, 'त्यांच्या वाणीने अवघा आसमंत भक्तिरसात न्हाऊन निघे'. कोण म्हणतं? संदर्भ? नातवाने आजोबांवर लिहूच नये असं कोणी म्हणत नाही. पण आपलं नातं आधी सांगा, कात्रणं चर्चापानावर ठेवा आणि लेख दुसऱ्याला लिहू द्या. खुद्द विकिपीडियाचा संस्थापक जिमी वेल्स, त्याने २००५ साली स्वतःवरच्या लेखात हात घातला होता, त्यालाही लोकांनी सोडलं नाही. आपल्या लग्नात मंगलाष्टकं आपणच म्हणायची नसतात.

पाटीपुसणा

आलात का मीठ चोळायला?

ते वाक्य तुम्हाला विनोदी वाटलं. मी सहा वर्षांचा असताना देवळाच्या ओट्यावर आजोबांच्या मागे झांज घेऊन उभा असायचो. पेट्रोमॅक्सची बत्ती फसफसायची, आजोबा पूर्वरंग संपवून बुक्का लावून घ्यायला वाकायचे आणि समोरची चारपाचशे माणसं खोकणंसुद्धा थांबवायची. याला संदर्भ कुठून आणू? तेव्हा आमच्या गावात वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने यायचं. इंग्रजीत पोकेमॉनवर लेख चालतात, आणि माझे आजोबा उल्लेखनीय नाहीत.

मुख्याध्यापक आजोबांचे शिष्य, आजही हयात आहेत. ते काय माझ्यावर खटला भरणार?

मिरजेची मावशी

हयात आहेत ना? मग भांडता कशाला, फोन लावा. त्यांनी स्वतःच्या ईमेलवरून विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) परवानगीच्या पत्त्यावर कळवायचं: हा मजकूर माझा, मी तो सीसी बाय-एसए ४.० (तिरपागडांनी वर सांगितला तोच खुला परवाना) खाली देतो. 'विकिपीडियावर वापरायला माझी हरकत नाही' एवढंच लिहिलं तर चालत नाही, तिथेच नव्वद टक्के लोक घसरतात. परवानगी विकिपीडियाला नाही, सगळ्या जगाला द्यायची असते. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड असेच खुले केले. मालकाने मनावर घेतलं तर काही अवघड नाही.

अडकित्ता

मूळ मुद्दा राहू द्या. फोटो का उडाला ते कोणी सांगेल का?

माझी ठसठस वेगळी आहे. माझ्या लग्नाच्या फोटोग्राफरने ठरलेले पैसे मोजून घेतले, अल्बम आठ महिन्यांनी दिला, आणि एक दिवस मी भाजी घेऊन येतोय तर त्याच्या दुकानावरच्या फ्लेक्सवर मी आणि बायको! बायकोच्या तोंडात जिलबी. विचारायला गेलो तर म्हणाला, 'साहेब, फोटो मी काढला, हक्क माझा.' विकिपीडियावाले त्याच्याच बाजूचे दिसतात.

दप्तरदार

फोटोग्राफरने तुम्हाला चक्क बनवलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. वकील नाही, पण तीस वर्षं दप्तरात कायदेच चाळलेत.

अडकित्ता

म्हणजे जिलबी माझी?

दप्तरदार

करार नसेल तर. पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात काय छापलंय ते वाचा.

अडकित्ता

भिंग लावून वाचलं. 'सर्व हक्क स्टुडिओकडे राखीव.' खाली माझीच सही. गप्प बसतो. (बसत नाही. आठ महिने! आमचा मुलगा नऊ महिन्यांत आला.)

नगरी गूळ

पण दप्तरदार, या हिशोबाने पाटीपुसणांचे आजोबा स्टुडिओत पैसे देऊन बसले असतील तर हक्क आजोबांचा, म्हणजे आता वारसांचा. मग प्रचालकच तोंडावर आपटले की! तिरपागडा, गेलात कुठे?

तिरपागडा

इथेच आहे. पाटीपुसणा, कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या कोठारात) फोटो चढवताना 'स्रोत' या रकान्यात काय निवडलंत?

पाटीपुसणा

...'स्वतःचे काम'. दुसरं काय निवडणार? माझ्याच फोनवरून माझ्याच भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला.

तिरपागडा

घ्या. फेटा बांधून पंचविशीत बसलेल्या आजोबांचा फोटो नातवाचं 'स्वतःचे काम'. उडणार नाही तर काय होणार? भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला म्हणून तो आपला होत नाही, नाहीतर झेरॉक्सवाला महाकवी झाला असता.

दप्तरदार

चेष्टा पुरे. पाटीपुसणा, फ्रेम उघडून मागे साल बघा. १९५८ च्या आधीचे फोटो जुन्या कायद्याखाली येतात, काढल्यापासून ५० वर्षं. त्यातही १९४६ पूर्वीचा असेल तर अमेरिकेच्या बाजूनेही सहसा अडत नाही. सर्व्हर तिकडे आहेत, म्हणून दोन्हीकडचे नियम बघावे लागतात. याच भानगडीमुळे साने गुरुजींची काही पुस्तकं इथे खुली असूनही तिथे नाहीत, तिकडे प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात.

नगरी गूळ

म्हणजे आपल्या साने गुरुजींवर पहारा अमेरिकेचा. धन्य आहे.

कट्टा निवृत्त

मी पुण्यात शिकवत होतो, म्हणून दोन शब्द. २०११ साली विकिमीडियाने पुण्यातल्या काही कॉलेजांत उपक्रम केला. मुलांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. मुलांनी काय करावं? पुस्तकं आणि वेबसाइटी उचलून ओतल्या. निस्तरता निस्तरता तिथल्या स्वयंसेवकांचं कंबरडं मोडलं आणि उपक्रम गुंडाळावा लागला. मुलांना दोष देत नाही. पहिलीपासून आपण 'फळ्यावरचं उतरवून घ्या' हेच शिकवलं.

मी स्वतः एका मराठी भाषा गौरव दिनाला वर्गाला लेख लिहायला बसवलं होतं. एका मुलीचा नदीवरचा लेख इतका सुरेख, की मी सगळ्यांसमोर तोंडभरून कौतुक केलं. तिसऱ्या परिच्छेदात आलं, 'मागील प्रकरणात आपण पाहिलेच आहे की'. मला घाम फुटला. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, 'सर, मी दोन शब्द बदललेत.'

मिरजेची मावशी

दोन शब्द बदलून आपला होत नाही हे पदवीधरांनाही पटत नाही हो. पुस्तक मिटायचं, चहा करायचा, मग आठवेल ते लिहायचं आणि शेवटी सनावळी तपासायला पुस्तक उघडायचं. मी तसंच करते. सन, घटना, गावं कोणाच्या मालकीची नसतात. वाक्यं असतात.

सावरगाव एक्सप्रेस

सगळे विकिपीडियावर चोरी करणाऱ्यांबद्दल बोलताय. विकिपीडियावरून चोरणाऱ्यांचं काय? एका किल्ल्यावर मी लेख लिहिला होता, तीन पावसाळे तिथे चढून. घाईत पायऱ्यांचा आकडा चुकून एक शून्य जास्त पडला. दोन महिन्यांनी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत अर्धं पान, लेखक भलताच, मजकूर माझा, आणि पायऱ्या हजारो! शून्यासकट! संपादकांना पत्र लिहिलं तर उत्तर आलं, 'इंटरनेटवरचं सगळं मोफत असतं.'

तिरपागडा

छापायला हरकत नव्हती, परवान्यात ते बसतं. श्रेय न देणं ही चोरी. चढवणाऱ्याला वाटतं माझं आहे, उचलणाऱ्याला वाटतं कोणाचंच नाही. परवाना कोणीच वाचत नाही.

सावरगाव एक्सप्रेस

आणि हो, तो शून्य आता कोणीतरी परत घातलाय. संदर्भ म्हणून त्याच पुरवणीचं कात्रण लावून.

भाषाभगिनीपती

या निमित्ताने विचारतो. 'कॉपीराइट' काय लावलंय सगळ्यांनी? 'प्रताधिकार' हा सुंदर शब्द मराठी विकिपीडियावरच रुळलाय.

अडकित्ता

माझ्या फोटोग्राफरला 'प्रताधिकार' म्हणालो असतो तर त्याने मला पाणी दिलं असतं प्यायला.

ढोलताशा

शिव्या पडणार माहीत आहे, तरी लिहितो. मी हे पैसे घेऊन करतो. क्लासवाले, डॉक्टर, एक माजी नगरसेवक. लोकांना आपलं पान हवं असतं, मी लिहून देतो. पाटीपुसणांसारखे हौशी लोक 'आसमंत न्हाऊन' लिहितात, माझी भाषा कोरडी असते, संदर्भ असतात. मग घरच्या माणसापेक्षा मी बरा ना?

तिरपागडा

पैसे घेतो, कोणाकडून घेतो, कोणासाठी लिहितो, हे तुमच्या सदस्यपानावर आहे? जून २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे ते.

ढोलताशा

ते लिहिलं तर पान टिकेल का?

तिरपागडा

मिळालं उत्तर. २०१५ मध्ये इंग्रजीवर एकाच टोळीची ३८१ खाती बंद केली होती. लोकांचे नाकारलेले मसुदे हेरायचे, पैसे द्या म्हणजे छापून आणतो म्हणायचे आणि पुढे 'पान सांभाळायचे' महिन्याचे हप्ते मागायचे. तुमची भाषा कोरडी असेल, धंदा तोच.

ढोलताशा

मी हप्ता घेत नाही. एकरकमी. त्या टोळीच्या पंगतीत मला बसवू नका.

पाटीपुसणा

आणि मला तुमच्या पंगतीत बसवू नका. मी माझ्या नावाने लिहिलं, एक पैसा घेतला नाही, आणि माझा लेख दोन दिवसांत उडतो. तुमच्या नगरसेवकाचं पान किती वर्षं आहे?

ढोलताशा

चार.

पाटीपुसणा

तिरपागडा, याला काय म्हणाल? मंगलाष्टकं बँडवाल्याने म्हटली की चालतात?

तिरपागडा

नाही चालत. यावर तुमचं बरोबर आहे. मराठीवर प्रचालक बोटांवर मोजण्याइतके, घाऊक नक्कल लगेच दिसते, भाड्याची सफाईदार भाषा दिसत नाही. घ्या, मान्य केलं, आता इथेही 'सहमत'ची रांग लावा.

नगरी गूळ

सहमत.

अडकित्ता

सहमत. जिलबीसह.

पाटीपुसणा

तिसऱ्या दिवशी परत आलो. दोन गोष्टी.

फ्रेम उघडली. मागे पुठ्ठ्यावर जांभळ्या शाईत स्टुडिओचा शिक्का, त्याखाली आजोबांच्याच अक्षरात 'चैत्र, १९४४, सव्वा रुपया'. दप्तरदार, तुमचे आभार. पावती, मालक, साल, सगळं एकाच ओळीत निघालं. मागच्या बाजूचाही फोटो काढून परत अर्ज टाकलाय, या वेळी 'स्वतःचे काम' न म्हणता.

दुसरी गोष्ट. मुख्याध्यापकांना फोन केला. परवानगी हवी म्हटल्यावर आधी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'बाळ, परवानगी मी कशी देऊ? त्यातली पहिली तीन पानं मी १९७८ च्या सप्ताहाच्या स्मरणिकेतून उतरवून घेतली होती.'

तिरपागडा

आणि स्मरणिकेत कोणी लिहिलं होतं?

पाटीपुसणा

'संपादक मंडळ'. नाव एकाचंही नाही. हसा आता.

दप्तरदार

निनावी असेल तर प्रकाशनापासून ६०. म्हणजे १ जानेवारी २०३९.

पाटीपुसणा

तेव्हा मी पासष्टीचा असेन. इतकं थांबत नाही. मावशींच्या सांगण्यावरून ग्रंथ मिटला, चहा केला आणि धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या लेखनाच्या पानावर) नव्याने लिहायला घेतलंय. वर पहिल्याच ओळीत 'मी यांचा नातू' असं टाकलंय. जन्मसाल आहे, गुरू आहेत, कीर्तनं कुठे कुठे झाली त्याची दोन कात्रणं सापडली. 'भक्तिरस' फक्त एकदा ठेवलाय.

तिरपागडा

तोही काढा.

मिरजेची मावशी

राहू द्या हो एक. धूळपाटीच आहे ती.