तारा बसवण्याआधी मुलीचे चार चांगले दात काढावेत का? सल्ला हवा आहे

माझी मुलगी साडेबारा वर्षांची आहे. तिचे वरचे दोन्ही सुळे ओळीच्या बाहेर, हिरडीत उंचावर आले आहेत आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले आहेत. दुधाचे सर्व दात पडून गेले असून दुसऱ्या दाढाही येऊ लागल्या आहेत. आम्ही जालन्यात राहतो. येथील ऑर्थोडॉन्टिस्टनी (वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञांनी) ओपीजी (सर्व दात आणि जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे), बाजूने काढलेला सेफॅलोमेट्रिक एक्स-रे (डोके व जबड्यांची मापे घेण्यासाठीचा) आणि दातांचे साचे तपासून असे सांगितले की, चारही बाजूंच्या पहिल्या उपदाढा, म्हणजे सुळ्यांच्या लगेच मागचे दात, काढून मग तारा बसवाव्यात. त्यानंतर छत्रपती संभाजीनगरमधील दुसऱ्या तज्ज्ञांना तेच एक्स-रे दाखवले, तर त्यांच्या मते दात न काढताही उपचार होऊ शकतो. दोघेही एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) आहेत, दोघांनीही शांतपणे वेळ देऊन समजावले आणि दोघांवरही माझा विश्वास बसला. अडचण नेमकी इथेच आहे.

दोघांची मापे जवळपास सारखीच आहेत. वरच्या जबड्यात सुमारे ७ मिलिमीटर आणि खालच्या जबड्यात सुमारे ६ मिलिमीटर जागा कमी पडते. सर्वसाधारणपणे ४ मिलिमीटरपर्यंतच्या दाटीसाठी (म्हणजे एवढी जागा कमी पडत असेल तर) दात काढत नाहीत आणि १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक दाटी असेल तर बहुधा काढावेच लागतात, असे मला समजले. म्हणजे माझी मुलगी नेमकी मधल्या पट्ट्यात येते आणि तिथे केवळ जागेच्या हिशेबावर निर्णय होत नाही.

एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे दोन काढल्यावर एका जबड्यात जवळपास १४ मिलिमीटर जागा मोकळी होते. त्यातील निम्मी जागा दाटी सोडवण्यात जाईल आणि उरलेली भरून काढण्यासाठी पुढचे दात मागे घ्यावे लागतील, मागच्या दाढा पुढे आणाव्या लागतील किंवा थोडे थोडे दोन्ही करावे लागेल. पहिल्या डॉक्टरांच्या मते तिचे पुढचे दात बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत, ओठ मिटताना हनुवटीचा स्नायू ताणला जातो, आणि म्हणून ते मागे गेलेले चांगलेच. दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे की हा झुकाव किरकोळ आहे, तिचे नाक आणि हनुवटी अजून वाढायची आहेत, आणि आज भरलेले वाटणारे ओठ चार-पाच वर्षांनी तसे दिसणार नाहीत. मी तिला बोलताना, झोपेत, अभ्यासाला बसलेली असताना निरखून पाहते. कधी एकाचे खरे वाटते, कधी दुसऱ्याचे. आईच्या डोळ्यांनी हा निर्णय होण्यासारखा नाही, एवढे मात्र मला कळले आहे.

दात न काढता जागा कुठून येणार, हेही मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारले. वरच्या टाळूच्या मधली सांध्याची रेषा या वयात अजून पक्की जुळलेली नसते, त्यामुळे स्क्रूचे उपकरण लावून वरचा जबडा थोडा रुंद करता येतो, आणि ही सोय वय वाढेल तशी कमी होत जाते. शिवाय दातांच्या मधल्या कडा घासून प्रत्येक फटीमागे फार तर अर्धा मिलिमीटर मिळतो. खालच्या जबड्यात मात्र अशी उघडता येणारी रेषा नसते, तिथे रुंदी वाढवणे म्हणजे प्रामुख्याने दात बाहेरच्या बाजूला कलवणे. खालच्या पुढच्या दातांसमोरचे हाड आणि हिरडी तिच्या बाबतीत पातळ आहेत, हे दोघांनीही मान्य केले. तेथे दात पुढे ढकलले गेले तर हिरडी खाली सरकण्याचा धोका असतो, आणि खालच्या सुळ्यांमधील अंतर वाढवले तर ते उपचारानंतर पुन्हा आक्रसू पाहते. माझी खरी काळजी या खालच्या जबड्याची आहे.

वाचताना लक्षात आले की हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट एडवर्ड अँगल हे सर्व दात राखण्याच्या बाजूचे होते, त्यांचे समकालीन कॅल्व्हिन केस यांनी १९११ मध्ये त्याविरुद्ध जाहीर मांडणी केली, आणि पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता उपचार केलेल्या आपल्या रुग्णांवर उपदाढा काढून पुन्हा उपचार केले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दवाखान्यात दात काढून केलेल्या उपचारांचे प्रमाण १९५३ मध्ये ३० टक्के, १९६८ मध्ये ७६ टक्के आणि १९९३ मध्ये २८ टक्के होते. एवढ्या काळात मुलांचे जबडे बदलले नसणार, बदलली ती डॉक्टरांची मते. म्हणूनच मला केवळ "आमच्याकडे असेच करतात" या उत्तरावर थांबायचे नाही.

दोन शंका माझ्यापुरत्या मिटल्या आहेत. वरचे दात काढल्याने नजर कमी होते, अशी भीती माझ्या सासूबाईंना होती, परंतु दातांची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या असतात हे डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितले आणि त्यांचे समाधान झाले. उपदाढा काढल्याने श्वासमार्ग अरुंद होऊन झोपेत श्वास अडतो, असे सांगणारे व्हिडिओ मलाही नातेवाइकांनी पाठवले होते, मात्र अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये या विषयाचा आढावा घेऊन असा कार्यकारणभाव आढळत नसल्याचे म्हटले आहे. त्यामुळे कृपया या दोन मुद्द्यांवर चर्चा वळवू नये.

दंतवैद्यांना माझा मुख्य प्रश्न असा आहे की, दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे आधी दात न काढता तारा बसवून काही महिन्यांनी नवा एक्स-रे काढायचा आणि पुढचे दात फार बाहेर गेलेले दिसले तरच उपदाढा काढायच्या, हा मार्ग योग्य आहे का? त्यात उपचार लांबेल हे मान्य आहे, पण मधल्या काळात खालच्या हिरडीचे नुकसान होऊन बसणार नाही ना? तसेच काढायच्याच ठरल्या, तर पहिल्याऐवजी दुसऱ्या उपदाढा काढल्यास पुढचे दात कमी मागे जातात असे वाचले आहे. सुळे इतके उंच असताना तो पर्याय व्यवहार्य आहे का, की ते खाली आणण्यासाठी जागा लगतचीच हवी?

ज्यांच्या उपदाढा लहानपणी काढल्या होत्या आणि आता ज्यांना दहा-पंधरा वर्षे झाली आहेत, त्यांचे अनुभव मला विशेष हवे आहेत. ओठांची ठेवण बदलली का, काढलेल्या जागी पुन्हा फट पडली का, रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर टिकवणारे उपकरण) अजून लावावे लागते का? तेवढीच दाटी असताना दात न काढलेल्यांनी खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे झाले का ते सांगावे. मुलीने स्वतः डॉक्टरांना विचारले होते की त्या जागी नवा दात येईल का, आणि नाही म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. तिलाही मी हे अनुभव वाचून दाखवणार आहे.

तिसरे मत छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात घ्यावे असा विचार आहे. तेथील ऑर्थोडॉन्टिक्स विभागात कोणी मुलांना दाखवले असेल, तर बाहेर काढलेले एक्स-रे आणि साचे चालतात की पुन्हा काढावे लागतात, आणि वरिष्ठ अध्यापक स्वतः तपासतात का, हे कळवावे. सहामाही परीक्षेनंतरची तारीख येथील डॉक्टरांनी दिली आहे, त्यापूर्वी तेथे जाऊन येता येईल. अनुभव लिहिताना त्या वेळचे वय, दाटी किती मिलिमीटर होती आणि ओठ सहज मिटत होते का, एवढे नमूद केल्यास मला आमच्या मुलीशी तुलना करता येईल.