कुरळे केस घरी कसे सांभाळता? तुमचे अनुभव लिहा

नौपाडेकरीण

काल संध्याकाळी ठाण्याहून वाशी लोकलमधे बसले, समोर एक सहा-सात वर्षांची मुलगी. शाळेचं गॅदरिंग असणार बहुतेक, नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, आणि तिची आई तिचे केस विंचरत होती. कोरडे, पिंजारलेले, छान दाट कुरळे केस आणि हातात बारीक दातांचा कंगवा, तोही टाळूपासून सरळ खाली ओढायचा. मानेपाशी अडकला की एका हाताने डोकं दाबून धरायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. केस तुटल्याचा टक् टक् आवाज रबाळे येईपर्यंत ऐकू येत होता. पोरगी रडत नव्हती. खिडकीचा गज धरून बसली होती, बोटं पांढरी पडलेली.

मी घणसोलीला उतरले, बोलले काहीच नाही. अनोळखी बाईला काय सांगणार, तीही दमून कामावरून आलेली असेल. पण घरी पोचेपर्यंत पोटात कसंतरी होत होतं कारण ती मुलगी मीच होते. नौपाड्यातली गॅलरी, रविवारी सकाळी आई स्टुलावर आणि मी खाली पाटावर, शाळेत दोन घट्ट वेण्या वर बांधून लाल रिबिनी सक्तीच्या. आईचे केस सरळसोट, माझे बाबांकडून आलेले. "तुझ्या आत्याची झाडी आलीय डोक्यावर" म्हणायची. आई दुष्ट नव्हती हो, तिला माहीतच नव्हतं की हे केस कोरडे विंचरायचे नसतात. मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडलेली, २०२० च्या लॉकडाऊनमधे पार्लर बंद म्हणून वाचत बसले तेव्हा.

आता माझं असं असतं: आठवड्यातून दोनदा केस धुते, कंडिशनर केसभर लावून ठेवते आणि तो केसात असतानाच जाड दातांच्या कंगव्याने टोकापासून वर वर येत गुंता सोडवते. आधी खालचे दोन इंच मोकळे करायचे, मग त्याच्या वरचे. मग धुवून टाकते आणि पुढच्या न्हाणापर्यंत कंगवा लावतच नाही. टॉवेलने खसाखसा पुसत नाही, नवऱ्याच्या जुन्या कॉटनच्या टीशर्टात केस खालून वर दाबते. एवढंच. लेकीचेही माझ्यासारखेच आहेत, साडेचार वर्षांची आहे, आणि तिला न्हाऊ घालायचं म्हटलं की ती अजून पळते. म्हणून विचारतेय. तुम्ही काय करता, काय बिघडलं, काय जमलं, सगळं लिहा.

सेक्टर_१७_वाशी

जवस!! पाव वाटी जवसाला दोन वाट्या पाणी, मंद गॅसवर ढवळत रहायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार यायला लागली की गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं. गार झालं की थेंब उतरत नाही, मी एकदा दळण आणायला खाली गेले आणि अख्खं पातेलं वाया गेलं. गाळायला पायातला धुतलेला नायलॉनचा लांब मोजा वापरते, गाठ मारून पिळायचा. ओल्या केसांना लावून मुठीत चुरगळायचं खालून वर. वाळल्यावर केस कडक लागतात तेव्हा घाबरू नका, हातावर दोन थेंब तेल घेऊन परत चुरगळले की कडकपणा जातो आणि बटा राहतात. फ्रिजमधे आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकून द्या.

घोडबंदरची_मी

तुमचं सगळं करून बघितलं तरी माझे केस झाडूच. मग लक्षात आलं केसांचा दोष नाही पाण्याचा आहे. आमच्या कॉम्प्लेक्समधे उन्हाळा लागला की टँकर, तो बोअरचं पाणी आणतो की कुठलं देव जाणे. साबणाला फेस येत नाही, शॉवरच्या भोकांवर पांढरं कीट धरतं, तेच क्षार केसांवर बसत असणार ना. आता शेवटचे तीन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेते, बादलीत आदल्या रात्री भरून ठेवते. फरक पहिल्याच वेळी कळला, बोटं सरकायला लागली केसातून. नवी मुंबईवाले नशीबवान, मोरबे धरण आहे तुमचं स्वतःचं.

खारघर_हिल्स

अहो सगळी नवी मुंबई एक नाही हं, आमचं खारघर पनवेल महापालिकेत, मे महिन्यात इथेही टँकरच असतात. फिल्टरच्या पाण्याची आयडिया आजच करते. (इथे कोणी सोसायटीची टाकी धुणारा खात्रीचा माणूस सांगू शकेल का? मागचा आला तो वरवर पुसून गेला)

घोडबंदरची_मी

टाकीवाल्याचा नंबर मेसेज करते तुला.

कळव्याचा_बाबा

मी पुरुष आहे, इथे लिहिलं तर चालेल ना. बायको नर्स, सकाळची ड्युटी असली की पहाटे साडेपाचला घराबाहेर, त्यामुळे लेकीच्या वेण्या माझ्याकडे आल्या. दुसरीत होती तेव्हा. पहिला महिनाभर ती रोज रडत शाळेत जायची आणि मी ऑफिसला जाताना गाडीत दिवसभर तेच आठवत बसायचो. मग बायकोने एका रविवारी शिकवलं. केसांचे चार भाग करायचे, तीन भाग कपड्यांच्या चिमट्यांनी वर बांधून टाकायचे आणि समोर एकच भाग घ्यायचा. झाडांना मारतो त्या स्प्रेच्या नव्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर, तो फवारायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या बटेचा गुंता काढतोय ती बट गुंत्याच्या वर मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुठीवर येते, डोक्यावर येत नाही. हे कळलं त्या दिवसापासून रडणं बंद. आता पाचवीत आहे, सागरवेणी घालतो मी, तिच्या मैत्रिणीच्या आईने विचारलं कोणत्या पार्लरला जाता.

नौपाडेकरीण

दादा, बट वर धरायची हे मला आज कळलं. इतकी वर्षं स्वतःचे केस विंचरतेय आणि हे कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या लेकीला माझ्याकडून एक मोठं चॉकलेट.

चरईची_काकू

मुलींनो कंडिशनर कंडिशनर काय, आमच्या वेळी शिकेकाईच होती आणि माझे कुरळे केस साठीपर्यंत कमरेखाली होते. शिकेकाई अर्धा किलो, रिठा बिया काढून पाव किलो, आवळकाठी पाव किलो, नागरमोथा, गवला कचोरा, संत्र्याची वाळलेली साल, मूठभर मेथ्या. कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवून गिरणीतून दळून आणायचं. रात्री लोखंडी कढईत भिजवून सकाळी उकळून वस्त्रगाळ करायचं, चोथा डोक्यात अजिबात जाऊ द्यायचा नाही, कुरळ्या केसात अडकला की आठवडाभर निघत नाही. डोळे मिटून घ्या, झोंबते. शेवटी जास्वंदीची पानं चुरून तो बुळबुळीत रस लावायचा, मग फणी लोण्यासारखी जाते. तोच आमचा कंडिशनर.

सेक्टर_१७_वाशी

काकू गवला कचोरा कुठे मिळेल? आमच्या इथे दुकानदार कचोरा म्हटलं की कचोरी देतो 😀

चरईची_काकू

जांभळी नाक्याला ये की, काष्टौषधींची दुकानं आहेत, सुटं मिळतं. सकाळी लवकर ये. दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार सोडून, पाय ठेवायला जागा नसते तेव्हा.

ऐरोली_नाईटशिफ्ट

जांभळी नाका म्हटलं की मला फुलबाजार आठवतो, आजीबरोबर झेंडू आणायला जायचो दसऱ्याला, आणि परत येताना तलावपाळीवर भेळ ठरलेली. विषय केसांचा आहे माहितीये. माझे पण कुरळे, शाळेत मॅगी म्हणायचे, सर पण म्हणायचे. दर महिन्याला न्हाव्याकडे गेलं की तो विचारायच्या आधीच मशीन लावायचा. ओले करून कापतो आणि वाळल्यावर ते दोन इंच वर चढतात हे त्याला समजावण्यात कॉलेज संपलं. गेल्या वर्षी केस वाढवले, आणि आईने हात फिरवून म्हटलं "तुझ्या आजोबांचे असेच होते रे". आजोबांचा एकच फोटो आहे घरी, त्यात टोपी आहे. मला माहीतच नव्हतं. आता नाही कापणार.

नेरूळकर_ताई

ऐरोली, वाचून गलबलून आलं रे.

माझं वेगळं. लग्नाआधी रिबाँडिंग केलं, सासरच्यांनी मागितलं नव्हतं, मलाच वाटलं फोटोत नीट दिसावं. सहा तास खुर्चीत. त्या औषधाने केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडतात आणि केस सरळ ताणून परत बांधतात, म्हणून ते धुतले तरी वळत नाहीत. ड्रायरने सरळ केलेले मात्र पावसाळी हवा लागली की परत वळतात कारण ते बंध नुसत्या पाण्याने सुटणारे असतात. पण मुळातून जो नवा केस येतो तो आपला आपल्यासारखाच येतो ना. सहा महिन्यांनी वर तीन बोटं कुरळे आणि खाली झाडूच्या काड्या. मग परत केलं. मग केरॅटिन केलं, म्हणजे औषध लावून वर गरम इस्त्री फिरवून केस सरळ करतात ते, त्या दिवशी इस्त्री फिरवताना जो धूर निघाला त्याने माझे डोळे आणि घसा दोन दिवस चुरचुरत होता, नंतर वाचलं की त्यातल्या काही औषधांतून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड नावाचा विषारी वायू निघतो. त्यावेळी मी तीन महिन्यांची गरोदर होते आणि मला कोणी विचारलं नव्हतं. मुलगी सुखरूप आहे, पण ते वाचलं त्या रात्री मी झोपले नाही.

त्यानंतर बंद. महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतात केस, दीड वर्ष दोन तऱ्हांचे केस घेऊन फिरले, सारखा अंबाडा. मग एका सकाळी घरातल्या कात्रीने सरळ भाग सगळा कापला, कानापर्यंत. बाथरूमच्या फरशीवर ती सरळ केसांची रास बघून रडले आणि आरशात बघितलं तर लहानपणची मी.

घोडबंदरची_मी

❤️ अगं.

खारघर_हिल्स

ताई मिठी. गरोदरपणात कोणी विचारत नाही हे अगदी खरं, आपणच आधी सांगायचं.

सीवूड्स_व्हाया_नैरोबी

आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं नैरोबीत होतो. माझे केस तिथल्या बायकांच्या मानाने सरळच म्हणायचे, पण केसांची काळजी हा दिवसभराचा कार्यक्रम असतो हे मी तिथे शिकले. शेजारीण शनिवारी बहिणीला समोर बसवून बारीक बारीक वेण्या घालायची, चार-पाच तास, मधे चहा, गप्पा, टीव्ही. वेण्या घालण्याला स्वाहिलीत कुसुका म्हणतात, विणण्यालाही तोच शब्द. केस जितका कुरळा तितकं टाळूचं तेल टोकापर्यंत पोचायला कठीण, वळणावळणाने जावं लागतं ना, म्हणून टोकं कोरडी. त्यावर त्या ओल्या केसांना शिया बटर लावतात, पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांचं, आधी पाणी मग बटर, म्हणजे ओल आत राहते. आपण उलट कोरड्या केसांना तेल थापतो आणि म्हणतो केस रुक्षच आहेत.

आणि रात्री सॅटिनची टोपी. कॉटनची उशी ओल शोषते आणि घासून गुंता करते. मी परत आल्यावर जुन्या सॅटिनच्या परकराचा अभ्रा शिवला, तेवढ्याने सकाळचा अर्धा गुंता गेला.

लाल रिबिनींवरून आठवलं, अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मधे कायदाच केला, क्राउन ॲक्ट, की शाळेत किंवा नोकरीत कोणाच्या नैसर्गिक केसांवरून, वेण्यांवरून भेदभाव करायचा नाही. कायदा करायची वेळ यावी इतकं सोसलंय लोकांनी. आपल्या शाळांनी निदान "नीट विंचरून ये" हे वहीत लिहून पाठवणं थांबवलं तरी पुष्कळ होईल.

कोपरखैरणे_२बीएचके

उवांचं कोणीच लिहिलं नाही?? कुरळ्या केसात लिखा दिसतच नाहीत. कंडिशनर चोपडून बारीक फणी, पांढऱ्या टिश्यूवर पुसत पुसत, तीन-चार दिवसांनी एकदा असं दोन आठवडे करायचं, एकदा करून सोडलं तर परत. कुकर झालाय, जाते.

पावसाळी_फ्रिझ

जेलवर ग्लिसरीन लिहिलेलं असेल तर जुलैमधे लावू नका. ते हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे हवेत ओलच ओल. तेच जेल मी जानेवारीत पुण्याला बहिणीकडे लावलं तर मस्त बसलं. पावसाळ्यात मी जवसवालंच लावते.

नौपाडेकरीण

आज रविवार. लेकीला टबात बसवलं, चार चिमटे तिने स्वतः निवडले, दोन पिवळे दोन हिरवे. बट वर मुठीत धरली. शेवटचे तांबे फिल्टरच्या पाण्याचे. पस्तीस मिनिटं लागली, मधे एकदा तिने मान मागे करून विचारलं, "आई, अजून चालू नाही केलं का?" आई बघायला आली होती, दारात उभी. काही बोलली नाही, मग हळूच म्हणाली, "दे इकडे तो कंगवा, एक भाग मी करते". टोकापासून केलं तिने, मी सांगायच्या आधीच.

चरईची_काकू

आईला घेऊन ये गं इकडे. मागच्या महिन्यात दळलेली शिकेकाई आहे अजून डब्यात, अर्धी तुला बांधून देते. लेकीला इतक्यात लावू नकोस, डोळ्यात जाईल.