कझाक नक्षी पिशवीवर आणताना काय चुकतंय?

सुईदोरा_नाशिक
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ कझाकस्तानात अल्माटीला एमबीबीएस करतोय. सुट्टीत येताना त्याने माझ्यासाठी नमद्याचं, म्हणजे न विणता दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं, एक बसकर आणलं. तांबडं-काळं, शिंगांच्या नक्षीचं, बोटभर जाड, मेंढीच्या लोकरीचा वास अजून गेला नाहीये. मी लॅपटॉपच्या पिशव्या शिवते, छपाई बाहेरून करून घेते. या नक्षीवरून नव्या पिशव्या करायचं मनात आहे. नेटवरून शिंगांच्या जोडीचं तयार चित्र घेतलं आणि पिशवीच्या मधोमध टाकलं. वाईट नाही दिसत, पण बसकराचा भरदारपणा त्यात औषधालाही नाही. एखाद्या बँकेचं बोधचिन्ह वाटतंय. कुठे चुकतेय मी?

तिएनशान
ताई, नोकरीनिमित्त 6 वर्षं अल्माटीत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या बसकराच्या कामाला तिकडे सिरमाक म्हणतात. नक्षीला कझाक शब्द आहे 'ओयू', आणि त्याच शब्दाचा अर्थ कोरणं, कापून काढणं. म्हणजे ही रेखाटलेली नक्षी नाही, कापलेली आहे. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून सुरीने एकदमच कापतात. मग तांबडी शिंगं काळ्याच्या खाचेत बसवायची आणि काळी तांबड्याच्या. एका कापात उलट्या रंगांची जोडी तयार होते, वाया फारसं काही जात नाही. शिंगांमधली जी जागा तुम्ही मोकळी समजून सोडलीत, तीच निम्मी नक्षी आहे. कास्तेयेव कला संग्रहालयात एका सिरमाकसमोर मी कितीतरी वेळ उभा होतो. आधी काळ्यावर तांबडं दिसायचं, मग तांबड्यावर काळं.

भरदारपणा येतो तो शिलाईतून. सांध्यावर पीळ दिलेला गोफ बसवतात आणि खालच्या नमद्यासकट सगळं शिवतात. टाके नक्षीच्या वळणावळणाने जातात, गोधडीतला धावदोरा आठवेल. टाका आत ओढला जातो, मधला भाग फुगतो, त्यावर उजेड पडतो. बसकर खिडकीशी तिरकं धरून बघा.

आणखी एक. नमदा विणलेला नसतो, कापला तरी धागे सुटत नाहीत, म्हणून सुरी हवी तशी वळते. तेच शिंग मागावरच्या पट्टीत विणलं की पायऱ्यापायऱ्यांचं, कोनदार होतं. तेकेमेत नावाच्या प्रकारात तर अर्धवट तयार नमद्यावर रंगीत लोकर मांडतात, गवताच्या काड्यांच्या चटईत गुंडाळतात, गरम पाणी ओततात आणि लाटत राहतात. तिथे कडा धूसरच येतात. तुमच्या पिशवीला यातली कुठली कड हवी ते आधी ठरवा. तिन्हींची खिचडी केली तर काहीच हाती लागणार नाही.

शिंगाला 'कोशकार म्युयिझ' म्हणतात, मेंढ्याचं शिंग. 1992 पासूनच्या त्यांच्या राष्ट्रध्वजावर काठीलगतच्या सोनेरी पट्टीतही ते आहे. ती पट्टी जशीच्या तशी उचलू नका, एवढी विनंती.

छपाईवाला_इचलकरंजी
वरचं वाचून सुचलं: छपाईची जाळीची फ्रेम एकच करा. काळ्या कापडावर तांबडा मारा आणि तांबड्यावर काळा, जोडी आपोआप तयार. गडद कापडावर साधा रंग उठत नाही, छापणाऱ्याला डिस्चार्ज करायला सांगा, म्हणजे कापडाचा मूळ रंग काढून त्या जागी नवा रंग. जाड कॅनव्हासवर बारीक रेघ भरून येते, तेव्हा शिंगांची टोकं फार निमुळती ठेवू नका.

पाऊलवाट
पिशवीच्या आत छोटी पट्टी शिवून त्यावर 'कझाक सिरमाकवरून' असं लिहाल का? ज्या बायकांच्या हातची ही कला आहे, त्यांच्या देशाचं नाव तरी सोबत जाऊ दे.

सुईदोरा_नाशिक
पट्टी नक्की शिवेन.

काल रात्री बसकरावर ट्रेसिंग पेपर ठेवून काळा भाग उतरवला, कापला आणि एक शिंग पुढे सरकवून तांबड्यावर ठेवला. तंतोतंत बसला! अंगावर काटा आला. फक्त डावीकडच्या कोपऱ्यात जमेना. तिथे करणारीची सुरी जराशी आत वळलीये आणि पुढच्या टाक्यांनी ते वळण सांभाळून घेतलंय. मधोमधचं चित्र काढून टाकलं. आता नक्षी काठापासून काठापर्यंत जाईल, आणि तो कोपरा मी सरळ करणार नाही.